सतरावा प्रयोग

सुनेत्रा मेश्राम बावीस वर्षं एकाच कॉलेजात, एकाच प्रयोगशाळेत काम करत होती. जबलपूर शहराच्या कडेला असलेलं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज ते. मुलं यायची, तिच्याकडून ब्युरेट घ्यायची, एखादी फोडायची आणि चार वर्षांनी निघून जायची. मुलं तिला 'मॅडम' म्हणत, शिकवणारे 'सुनेत्राजी' म्हणत. नुसतं 'सुनेत्रा' म्हणणारं एकच माणूस होतं, तिची आई गीताबाई, आणि ती तीन वर्षांपूर्वी वारली.

शहरातल्या अधारताल भागात दोन खोल्यांचं घर होतं. वडिलांनी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत नोकरी करताना बांधलेलं. मूळचे हे लोक भंडाऱ्याकडचे, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी वाटणी आपोआप झालेली. आई गेली आणि घरातलं मराठीही थांबलं. भाऊ अश्वजीत भिलाईला होता, पण त्याचा फोन आला तरी दोन वाक्यांनंतर तो मुलांच्या हातात जाई आणि मुलं 'बुआ, कैसी हो' म्हणून गप्प होत. कधीकधी रविवारी असं व्हायचं, की दुपारी दारावर भाजीवाला येईपर्यंत तिच्या तोंडातून एक शब्द निघालेला नसायचा. "भैया, भिंडी कैसे दी?" विचारताना तिला आपलाच आवाज घोगरा वाटायचा.

आई गेली त्याच वर्षी कॉलेजात एकता वासनिक पीएच.डी. करायला आली. सव्वीस वर्षांची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, जन्मापासून जबलपूरची. पहिल्याच दिवशी तिनं दप्तर टेबलावर टाकलं, सुनेत्राच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "दीदी, आप लोग भी नागपुर साइड के?"

"भंडाऱ्याचे. तुमी?"

"हम वर्धा के. पर मराठी मेरी बस कान तक है, दीदी. समझ में सब आता है, बोलने जाती हूँ तो जीभ अटक जाती है."

"मंग मी मराठीत बोलीन, तू हिंदीत बोल. काय होते त्यानं?"

आणि पुढची दोन वर्षं तसंच चाललं. सुनेत्रा मराठीत बोले, एकता हिंदीत उत्तर देई, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नसे. दुपारी डबा एकत्र. एकताला वांग्याची भाजी आवडायची, म्हणून सुनेत्रा आठवड्यातून दोनदा वांगी करू लागली. स्वतःसाठी तिनं वर्षभरात वांगं आणलं नव्हतं.

एकताचं काम होतं मोहाच्या तेलापासून बायोडिझेल करण्याचं. मार्गदर्शक होते विभागप्रमुख डॉ. श्रीरंग खानवलकर. तेही मराठीच, पण त्यांचं मराठी छापील पुस्तकासारखं. सुनेत्राला त्यांच्यापुढं 'का'ऐवजी 'काहून' म्हणायची लाज वाटे, म्हणून त्यांच्याशी ती हिंदीच बोले.

काम सांगायला सोपं होतं. मोहाच्या बियांचं तेल घ्यायचं, त्यात मिथेनॉल आणि थोडासा कॉस्टिक पोटॅश घालायचा, आणि ठरलेल्या आचेवर ढवळत ठेवायचं. मग ते काचेच्या उभट फनेलमध्ये ओतून ठेवलं, की दुसऱ्या सकाळपर्यंत दोन थर झालेले असतात. खाली काळपट ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल. प्रश्न एवढाच, की मिथेनॉल किती, पोटॅश किती, आच किती आणि वेळ किती ठेवला म्हणजे तेलातून जास्तीत जास्त बायोडिझेल पदरात पडेल. मोहाचं तेल मुळात आंबट. ही आम्लं त्यात राहिली, तर पोटॅश पडल्याबरोबर साबण होतो आणि फनेलमध्ये नासलेल्या दुधासारखा चोथा साचतो. म्हणून आधी सल्फ्युरिक ॲसिडची एक फेरी करून आम्लं कमी करावी लागत. तरीही थोडा साबण व्हायचाच.

कॉम्प्युटरनं तीस प्रयोगांची यादी काढून दिली होती. प्रत्येकात चारही गोष्टींचं माप वेगळं. दोघींनी मिळून ते तीस प्रयोग केले. बहुतेकांचा आकडा शेकडा अठ्ठ्याहत्तर ते एकोणनव्वदच्या मधे आला. फक्त सतरावा प्रयोग शहाण्णव देऊन गेला. त्या सकाळी एकतानं फनेल उजेडासमोर धरलं आणि लहान मुलीसारखी ओरडली. दुपारी ती शहरात जाऊन खव्याची जिलबी घेऊन आली आणि दोघींनी ती फिल्टर पेपरवर ठेवून खाल्ली. कॉम्प्युटरनंही मग वक्ररेषा काढून सांगितलं, की सर्वांत चांगलं माप सतराव्याच्या अगदी जवळ आहे.

त्यानंतर एकताचं लग्न ठरलं आणि फेब्रुवारीत झालंही. मुलगा बडोद्याचा. एकताचे वडील निवृत्त झाले आणि तिचे आईवडील नागपूरला राहायला गेले. जाताना एकता सुनेत्राच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "दीदी, बस तीन कन्फर्मेशन रन रह गए हैं. आप कर दोगे न?"

"करीन न. तू काळजी नोको करू."

ते तीन प्रयोग म्हणजे शेवटची खात्री. कॉम्प्युटरनं सांगितलेल्या मापानं तीनदा करून बघायचं आणि तीनदा शहाण्णवच्या आसपास आलं, की झालं काम. सुनेत्रानं ते मुद्दाम लांबवले. लगेच करून टाकले असते, तर नंतर एकताला फोन करायला कारण उरलं नसतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोन आधी रोज होता, मग आठवड्याला झाला, मग एकताच्या सासूबाई घरात असल्या की "दीदी, बाद में करती हूँ" वर आला. नोव्हेंबरात एकतानंच निरोप धाडला, की जानेवारीत सेमिनार आहे, आकडे पाहिजेत.

सुनेत्रानं पहिला प्रयोग लावला. अठ्ठ्याऐंशी. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. दुसरा लावला, सत्त्याऐंशी. तिसऱ्याला तिनं थर्मामीटर बदललं, पोटॅशची नवी बाटली फोडली, मिथेनॉल दोनदा मोजलं, आणि ढवळणाऱ्या यंत्राशेजारून दीड तास हलली नाही. साडेअठ्ठ्याऐंशी.

संध्याकाळी तिनं फोन लावला.

"आकडा येऊन नाही राहिला, एकता. तीनदा केलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एकतानं गॅस बंद केला. मग हळू आवाजात म्हणाली, "दीदी, पंचानवे लिख दो न. पंचानवे-छियानवे. एक बार तो आया ही था."

"आलं होतं, पण आता येऊन नाही राहिलं न. काहून येत नाही, ते पाह्यलं पाहिजे."

"किसके पास टाइम है देखने का?"

"माझ्यापाशी आहे," सुनेत्रा म्हणाली.

खरंच, वेळ तिच्यापाशी भरपूर होता. दुसऱ्या दिवशी तिनं रजिस्टर काढलं आणि सतराव्या प्रयोगाचं पान उघडलं. मापं बरोबर होती, अक्षर तिचंच होतं. पण समासात पेन्सिलीनं तीन शब्द लिहिलेले होते. 'तेल: कुंडमचा डबा.'

ते वाचलं मात्र, आणि तिला सगळं आठवलं. त्यांचं तेल घमापुरातल्या एका घाणीवाल्याकडून पिंपानं येत असे. सतराव्या प्रयोगाच्या दिवशी पिंपाच्या तळाचा गाळ तेवढा उरला होता आणि नवं पिंप दुपारनंतर येणार होतं. एकताला घाई होती. कपाटात एक छोटा डबा पडून होता. काही दिवसांपूर्वी अधारतालच्या शेतकी मेळाव्यात कुंडमकडच्या बायकांच्या एका गटानं तेल मांडलं होतं, त्यांतल्या पुष्पा नावाच्या बाईनं सुनेत्राच्या हातात तो दिला होता. 'हमारा तेल भी जाँच के देखना, मैडम' म्हणाली होती. मोहाचं ते मोहाचं, म्हणून त्या दिवशी तेच तेल वापरलं. आम्लाचं प्रमाण फक्त पहिल्या पिंपाचं मोजलं होतं. नंतर कोणी मोजलं नाही. मोजायचं काम सुनेत्राचं होतं. चूक तिचीही होती, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

डब्याच्या तळाशी पेलाभर तेल अजून होतं. तिनं त्यातलं थोडं चंचुपात्रात घेतलं, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि अल्कली भरलेल्या ब्युरेटची तोटी हळूच सोडली. घमापुरच्या तेलाला गुलाबी रंग यायला ब्युरेट जवळजवळ रिकामी व्हायची, त्याचा आकडा अडतीसच्या घरात येई. इथं तोटी सोडून काही क्षण झाले नाहीत तोच रंग आला. तिनं पुन्हा केलं. चार. वर्षभर कपाटात पडूनसुद्धा चार.

ती स्टुलावर बसली. सतराव्या प्रयोगात मापांची करामत नव्हतीच. तेलच वेगळं होतं. मागं वळून कोणाला तरी सांगावं म्हणून तिनं मान फिरवली, पण खोलीत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता.

रविवारी ती कुंडमच्या बसमध्ये बसली. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर गावाचं नाव होतं. कुंडमला उतरून तिथून टमटमनं पुढे जावं लागलं. सागाच्या जंगलातून रस्ता होता. गाव पंचवीस-तीस घरांचं असेल. पुष्पाचं घर विचारायची वेळच आली नाही, कारण टमटमवाला तिचा दीर निघाला.

पुष्पानं तिला ओळखलं. चाळिशीची, काटक, मोठ्यानं बोलणारी बाई. "अरे, मैडम! तेल खराब निकला क्या?" हाच तिचा पहिला प्रश्न.

"नहीं, नहीं. इतना अच्छा निकला कि पूछने आई हूँ."

पुष्पानं तिला घरात नेलं. चुलीच्या वर, डोक्याच्या उंचीला बांबूचं माचाण बांधलेलं होतं. धुरानं काळंभोर. मोहाच्या बियांना तिकडे गुल्ली म्हणतात. पुष्पानं सांगितलं, की मोहाची फळं पिकतात तीच मुळी पावसाच्या तोंडावर. सगळं गाव बिया वेचतं, पोत्यात भरतं आणि उघाड पडेपर्यंत पोती तशीच कोपऱ्यात ठेवतं. आत बिया घामेजतात, त्यांना बुरशी धरते. पण तिची सासू जुन्या वळणाची. ओली गुल्ली पोत्यात गेलेली तिला चालत नाही. वेचल्या दिवशीच फोडायची, आतला गर माचाणावर पसरायचा आणि चुलीच्या धगीवर तीन दिवस वाळवायचा. मगच घाणीला न्यायचा.

"बाकी लोग ऐसा क्यों नहीं करते?"

पुष्पा हसली. तीन दिवस चूल विझू द्यायची नाही म्हणजे लाकडं किती लागतात, आणि तेल तर सगळं एकाच पिंपात जातं, मग कोण एवढा त्रास करतो, असं तिनं आपल्या बोलीत समजावलं. सासू कोपऱ्यात बसून ऐकत होती. सुनेत्रानं तिला सांगितलं, की तुमच्या तेलासारखं तेल मी बावीस वर्षांत बघितलं नाही. म्हातारीला हिंदी फारसं कळत नव्हतं. पुष्पानं गोंडीत सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, की ते तर मला माहीतच आहे.

भाकरी आणि चकोड्याची, म्हणजे टाकळ्याची, सुकवलेली भाजी खाऊन, तीन लिटर तेल घेऊन सुनेत्रा परतली. बसमध्ये डबा मांडीवर होता. खिडकीशेजारच्या अनोळखी बाईला तिनं आपण होऊन सांगितलं, की हे गुल्लीचं तेल आहे, फार चांगलं आहे. बाईनं मान डोलावली आणि पदर ओढून झोपली.

आठवडाभरात तिनं तीन प्रयोग केले. पंच्याण्णव पॉइंट आठ, शहाण्णव पॉइंट एक, पंच्याण्णव पॉइंट सहा. तिन्ही पानांवर तिनं वर ठळक लिहिलं, की तेल कुंडमचं, आम्लांक चार. फोन केला, तो एकतानं उचलला नाही. लांबलचक निरोप लिहिला. त्यावर नुसतं अंगठ्याचं चित्र आलं.

सेमिनारच्या आदल्या दिवशी एकता जबलपूरला आली. अंगावर नवी शाल, हातात चुडा, चेहरा मात्र ओढलेला. सुनेत्रा सकाळपासून दाराकडे बघत होती. डब्यात वांग्याची भाजी होती. पण एकता बसलीच नाही. उभ्याउभ्याच तिनं रजिस्टर मागितलं, पानं उलटली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"अरे दीदी! नंबर तो आ गए! मैंने थीसिस में पंचानवे नौ, छियानवे दो लिखा था. लगभग वही आए!"

"तू आधीच लिहून टाकलं?"

"सर को ड्राफ्ट भेजना था न. छोड़ो, अब तो सच में आ गए." तिनं पेन काढलं. "बस ऊपर ये कुंडम वाली लाइन हटा दो. नया पन्ना बना लेते हैं. आप साइन कर दो."

"एकता, हे तेल वेगळं आहे. तुझी बाकीची गणितं घमापुरच्या तेलावर आहेत. आता तू लिहिशील, की मापामुळं शहाण्णव आलं. ते मापामुळं आलं नाही न. बियांमुळं आलं. खरी गोष्ट तर तीच आहे, तेच लिही. चांगलं काम आहे ते."

"फिर से छह महीने लगेंगे, दीदी. दस दिन के लिए आने दिया है मुझे, वो भी कितना बोलने के बाद."

"मी करीन सगळं. तू फक्त लिही."

"आपसे मैं साइन माँग रही हूँ बस."

सुनेत्रानं रजिस्टर मिटलं आणि त्यावर हात ठेवला. एकता तिच्याकडे बघत राहिली आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली.

"आपका क्या है, दीदी. आपके घर पे तो कोई राह देखने वाला है नहीं. आप तो जिंदगी भर यही करते बैठ सकते हो."

बोलल्याबरोबर तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती पर्स उचलून तडक निघाली. भाजीचा डबा तसाच राहिला. सुनेत्रानं तो घरी नेला आणि रात्री भाजी टाकून दिली.

सेमिनार अकरा वाजता होता. सुनेत्रा मागच्या रांगेत बसली. एकता छान बोलली. पडद्यावर तीन आकडे आले, तिचे स्वतःचे, थीसिसमधले. एका प्राध्यापकांनी विचारलं, की तेल शेवटपर्यंत एकाच ठिकाणचं होतं का. एकतानं मागच्या रांगेकडे बघितलं नाही. "यस सर, सेम सोर्स," म्हणाली. टाळ्या झाल्या.

दुपारी खानवलकर सर स्वतः प्रयोगशाळेत आले. हातात छापलेली पानं होती. "सुनेत्राजी, ये तीन रीडिंग रजिस्टर में दिख नहीं रहे. आप भरना भूल गईं क्या?"

सुनेत्राच्या हातात ओला बीकर होता. तो तिनं आधी पुसला, रॅकवर ठेवला. भूल गई म्हणायला काय लागत होतं? कुणाचं नुकसान होणार होतं? पण तिच्या तोंडून मराठीच निघालं.

"नाही सर. हे आकडे माझे नाहीत. मी असं काही मोजलं नाही."

सरांनी चष्मा काढला. मग ते खुर्ची ओढून बसले आणि तेही मराठीतच म्हणाले, "नीट सांगा." तिनं सांगितलं. पिंप, डबा, माचाण, आणि आपण आम्ल मोजलं नाही ती आपली चूकही. सर सगळं ऐकून उठले. जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही हे मला नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं."

एकतानं ते आकडे काढून टाकून काम पुन्हा करावं आणि वर्षभर मुदत वाढवून घ्यावी, असं ठरलं. सरांनी बाहेर बोभाटा होऊ दिला नाही. एकता दुसऱ्याच दिवशी गाडीनं बडोद्याला गेली. भेटायला आली नाही. सुनेत्रा त्या दिवशी सहा वाजेपर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवून बसली होती.

पुढचे कितीतरी दिवस एक विचार तिला सोडेना. आपण हे खरंच आकड्यासाठी केलं, की ती आपल्याला टाकून गेली म्हणून केलं? कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना ती स्वतःला विचारी. एखाद्या दिवशी वाटे, आकड्यासाठीच. एखाद्या दिवशी तसं छातीवर हात ठेवून सांगता येत नसे. आई असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता, पण आई फोटोत होती, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, आणि काही बोलत नव्हती.

बोललेला शब्द मात्र तिनं पाळला. जूनच्या शेवटी फळं पिकली तशी ती सुट्टी टाकून पुष्पाच्या गावी गेली. एका दिवशी वेचलेल्या बियांचे तिनं तीन वाटे केले. एक वाटा पोत्यात, एक उन्हात, एक माचाणावर. मग दर आठवड्याला प्रत्येक वाट्यातलं थोडं तेल काढून आम्ल मोजायचं. उन्हातला वाटा पावसामुळं निम्मा फुकट गेला. पोत्यातल्याचा आकडा सात, अकरा, एकोणीस असा चढत गेला. माचाणावरचा तीनवरच होता. दर शनिवारी ती पानाचा फोटो एकताला पाठवी. एकताचं उत्तर येई, 'मिल गया.' दोनच शब्द. ती ते रात्रीपर्यंत दोन-तीनदा उघडून बघे.

प्रबंध वर्षअखेरीला गेला आणि पास झाला. तोंडी परीक्षा ऑनलाइनच झाली. परीक्षकांना सर्वांत आवडलं ते बियांचं प्रकरण, असं सरांनी मुद्दाम येऊन सांगितलं आणि एक प्रत तिच्या टेबलावर ठेवली. तिनं आभाराचं पान काढलं. सर होते, आईवडील होते, नवरा, सासूसासरे, बडोद्याची नणंद. शेवटच्या ओळीत 'प्रयोगशाळा कर्मचारी' होते. तिनं पान मिटलं. नंतर बियांचं प्रकरण काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात तिला एकही आकडा चुकीचा सापडला नाही.

सरांनी मग तो विषय पुढे नेला. कुंडमकडच्या चार गावांतल्या बायकांना बिया वेचल्या दिवशीच फोडून वाळवायला सांगायचं, कमी लाकडात चालणारं एक वाळवणयंत्र करून द्यायचं, आणि प्रत्येक गावचं तेल वेगळं ठेवून मोजायचं, असं ठरलं. मोजायला जाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पुढच्या पावसाळ्यात एक शनिवार आड करून सुनेत्रा ब्युरेटची पेटी घेऊन बसनं जाऊ लागली.

पुष्पाच्या ओसरीवर लाकडी टेबल मांडलेलं असे. बायका बाटल्या घेऊन ओळीनं बसत. सुनेत्रा तोटी सोडी, आणि सगळ्या माना खाली घालून चंचुपात्राकडे बघत राहत. रंग लवकर आला की हशा पिके. उशीर झाला, की जिची बाटली असेल ती आधीच भांडायला उठे. "मशीन ख़राब है मैडम की!" एकीनं तर शेजारणीचंच तेल आपल्या बाटलीत भरून आणलं आणि दोघींचा आकडा तंतोतंत एक आला, तेव्हा सुनेत्रा कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

साडेचारची बस असे. एकदा पुष्पा म्हणाली, "आज रुक जाओ, दीदी. कल इतवार है. घर में कोई राह देख रहा है क्या?"

तिनं सहज विचारलं होतं. सुनेत्रा मात्र क्षणभर पेटीचं झाकण धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "नहीं, कोई नहीं. पर कपड़े नहीं लाई." आणि बस पकडली. अर्ध्या रस्त्यात तिला स्वतःचा राग आला. घरी काय होतं? सकाळचं वरण होतं, आणि बाहेर दोरीवर एक टॉवेल.

पुढच्या खेपेला तिनं कापडी थैलीत एक सुती साडी, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश भरला. गावात पोचली, तर पुष्पा माहेरी गेलेली. भावाची बायको बाळंत झाली होती. मोजणी झाली, बायका पांगल्या. ओसरीवर फक्त सासू राहिली. म्हातारीशी बोलायला सुनेत्राला गोंडी येत नव्हतं आणि म्हातारीला हिंदी. दोघी थोडा वेळ माचाणाखाली बसल्या. म्हातारीनं तिच्या हातावर मूठभर भाजलेले चणे ठेवले. सुनेत्रानं ते खाल्ले.

टमटमचा भोंगा वाजला. ती उठली, पेटी उचलली, थैली उचलली. दारापर्यंत गेली आणि परत आली. भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर पुष्पाची छत्री लटकत होती. सुनेत्रानं छत्रीशेजारी थैली अडकवली.

"हे राहू दे इथंच," ती म्हाताऱ्या बाईला मराठीतच म्हणाली. "पंधरा दिवसांनी येईन, तवा लागेल."

म्हातारीनं थैलीकडे बघितलं, मान हलवली, आणि तिला धूळ लागू नये म्हणून खाली ठेवलेली लाकडं पायानं बाजूला सारली.